मागच्या बाकावरचं कपाट

कुणाच्याही घरी गेलं की माणसं बसायला खुर्ची शोधतात. आमचे सर चढायला शोधायचे. खुर्ची दिसली की चपला काढून तिच्यावर चढणार, भिंतीवरचं घड्याळ उतरवणार, शर्टाच्या खिशातून एवढासा पेचकस काढणार, आणि यजमान "अहो, राहू द्या हो" म्हणेपर्यंत त्या बिचाऱ्या घड्याळाचं पोट उघडलेलं असणार. दुसऱ्या खिशात सेल. लहान वेगळे, मोठे वेगळे. चहा गार झाला तरी चालेल, पण कुणाच्या घरातलं घड्याळ मागे राहिलेलं त्यांना चालायचं नाही. काकू म्हणायच्या, "आमच्या लग्नात अक्षता पडत होत्या तेव्हा हे कार्यालयाच्या घड्याळाकडे बघत होते. मला वाटलं, लाजतायत."

आता ते पुण्याला मुलाकडे असतात. तिथल्या सोसायटीचं काय झालं असेल, देव जाणे. मी त्यांच्या हाताखाली काम केलं ते भोपाळमध्ये, अरेरा कॉलोनीतल्या एका छोट्या ऑफिसात, आणि काम असं होतं की ते लोकांना समजावून सांगता सांगता माझी जीभ दुखायची. शाळेत जायचं. शेवटच्या बाकावर बसायचं. तासाचा वेळ कशात जातो ते बघायचं. मनगटावरचं घड्याळ ठरावीक वेळाने थरथरतं. थरथरलं की मान वर करायची, शिक्षकापासून सुरुवात करून उजवीकडून डावीकडे अख्खा वर्ग एकदा नजरेखालून घालायचा, आणि त्या क्षणी कोण काय करतंय त्याची कागदावर खूण करायची. शिकवणं चाललंय, फळ्यावरचं उतरवून घेणं चाललंय, हजेरी चाललीय, रागावणं चाललंय, की मास्तर फोनवर आहेत. खूण केली की संपलं. पुढच्या थरथरीपर्यंत गप्प.

आईला हे कळल्यावर ती म्हणाली, "म्हणजे तुला बसायचा पगार मिळतो?"

"मग मला इतकी वर्षं कसला मिळाला?" बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले. बाबा सरकारी खात्यात होते.

हीच पद्धत आणि हाच कागद बऱ्याच गरीब देशांत वापरतात. सरांना त्याचा फार अभिमान. एकदा त्यांना ह्याच कामाच्या प्रशिक्षणासाठी आफ्रिकेत पाठवलं होतं. परत आल्यावर काकूंच्या भिशीतल्या बायका जमल्या, की आता सिंह, जिराफ, जंगल असं काही ऐकायला मिळेल. सरांनी त्यांना सांगितलं ते असं, की तिकडचे मास्तरसुद्धा फळ्यावर लिहायला लागले की मुलांना विसरतात, तिकडेही मागच्या बाकावरची पोरं तोवर एकमेकांच्या पाठीत पेन्सिल खुपसतात, आणि तिकडेही हजेरीत तासाचा मोठा लचका जातो. "फळ्याकडे तोंड केलेला मास्तर कुठल्या देशाचा आहे ते ओळखता येत नाही," हे त्यांनी इतक्या कौतुकाने सांगितलं, की एका बाईने शेवटी धीर करून विचारलं, "पण सिंह?" सर म्हणाले, "तो आमच्या यादीत नव्हता."

तर हे सर मुळात शाळेतले नव्हतेच. इंद्रपुरीजवळच्या त्या मोठ्या कारखान्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. तिथे त्यांचं काम म्हणजे कामगाराच्या शेजारी उभं राहायचं आणि नट उचलायला किती वेळ, बसवायला किती वेळ, पाना शोधायला किती वेळ, ते मोजायचं. कामगार त्यांना काय म्हणत असतील ते मी इथे लिहीत नाही. रिटायर झाले आणि मोजायला कुणी उरेना, तेव्हा ते काकूंच्या मागे लागले. पोळी लाटताना तू पीठ घ्यायला हात लांबवतेस, डबा इकडे ठेवलास तर रोजचे इतके हेलपाटे वाचतील, वगैरे. काकू म्हणाल्या, "मी लाटणं दाखवलं. ते म्हणाले, हेसुद्धा हाताला जड आहे, हलकं आणू." मग कुणाच्या तरी ओळखीने त्यांना आमच्या संस्थेत काम मिळालं, आणि काकूंनी चक्क गुरुवारचे उपास केले म्हणतात.

मी ऑफिसात लागल्या लागल्या काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हे बघ, ह्यांना शाळांमधून फिरवत ठेवा गं. ऑफिसात बसवलंत तर संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघराचा कारखाना होतो."

पण काकूंच्या सुखासाठी कुणी त्यांना फिरवत नव्हतं. त्यांनाच वर्ग हवा असायचा. कडाक्याच्या थंडीत कानाला मफलर गुंडाळून, स्कूटरवरून गावाबाहेरच्या शाळेत प्रार्थनेच्या आधी हजर. शर्टाला कडक इस्त्री. शेवटच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन, त्या लहान मुलांच्या बाकात स्वतःला कसंबसं कोंबून बसले, की चेहऱ्यावर असं समाधान यायचं की बघत राहावं. घरी नातवंडं नव्हती अजून. मला वाटायचं, म्हातारा इथे ते सुख घेतो आहे. पण वाटायचं हा शब्द त्यांच्यापुढे काढायची सोय नव्हती.

कारण त्यांचं ठरलेलं वाक्य होतं: "दिसलं ते लिहा. वाटलं ते घरी न्या."

दुसरं वाक्य होतं: "आपण म्हणजे कपाट." कपाट वर्गात असतं, पण ते हसत नाही, खोकत नाही, मुलांना उत्तरं सांगत नाही, मास्तरांना मान डोलावून दाद देत नाही. नव्या माणसांना ते हे सांगायचे तेव्हा स्वतः भिंतीला टेकून कपाट होऊन दाखवायचे. आमची शबाना, म्हणजे ऑफिसात माझी वरिष्ठ, तिथून उठून बाहेर हसायला जायची. ती जुन्या भोपाळची, जीभ धारदार. म्हणायची, "सर, कपाट को कम से कम बीवी ताला लगा देती है."

ह्या कपाटाचा एक कडक नियम होता, आणि तो सरांनी स्वतः घातला होता. निरीक्षकामुळे वर्गाचा तास थांबला, तर तो निरीक्षक शाळा बघण्याच्या त्या हंगामात परत वर्गात जाणार नाही. ऑफिसात बसून दुसऱ्यांचे कागद तपासायचे. माझ्या आधी एका मुलाने असंच केलं होतं. एक पोरगी त्याच्याकडे बघून सारखी "बताओ ना भैया" म्हणत होती, म्हणून त्याने हळूच उत्तर सांगितलं, आणि सगळा वर्ग त्याच्याकडे वळला. सरांनी त्याला बसवलं. तो रडला. त्याच्या आईचा फोन आला. सरांनी आईला घरी चहाला बोलावलं, साबुदाण्याची खिचडी खाऊ घातली, तिच्या घरच्या घड्याळाची चौकशी केली, पण नियम काही सोडला नाही.

मला ते लहानपणापासून ओळखत होते. ते बाबांच्या नागपूरकडचे, म्हणजे आम्ही गणपतीत मराठी मंडळात दरवर्षी भेटायचो, आणि मी त्यांना काका म्हणायचे. पहिल्याच दिवशी मी "काका, माझं टेबल कुठलं?" विचारलं. तर म्हणाले, "ऑफिसात काका नाही. सर." आणि टेबल दाखवलं ते नेमकं घड्याळाखालचं, म्हणजे मी कधी येते ते घड्याळाला आणि त्यांना, दोघांनाही दिसावं.

आता माझी अडचण. बाबा त्या वर्षी रिटायर होणार होते. टी. टी. नगरमधलं क्वार्टर सोडायचं होतं. आईबाबांचं नागपूरला जायचं पक्कं झालं होतं, आणि मला पण ते सामानासोबत घेऊन जाणार होते. आत्याने तिकडे माझ्यासाठी दोन गोष्टी बघून ठेवल्या होत्या: आतोबांच्या कोचिंग क्लासात नोकरी आणि एक मुलगा. दोन्ही म्हणे चांगल्या होत्या. पण मी जन्मले भोपाळात, वाढले भोपाळात, मला नागपुरात सगळे "तुझं मराठी किती हिंदी आहे गं" म्हणून हसतात. माझी इथली माणसं, इथला तलाव, इथली कामं. मला जायचंच नव्हतं. ऑफिसजवळ एक खोलीसुद्धा मी बघून ठेवली होती. बाबा म्हणाले, "नोकरी पक्की झाली तर राहा. नाहीतर चल." एवढं सरळ होतं.

आणि नोकरी पक्की होणार होती परीक्षा पास झाले तर. आमच्यात परीक्षा अशी असते: नवा माणूस आणि सर, दोघं एकाच वर्गात, वेगवेगळ्या कोपऱ्यात बसतात. दोघांची घड्याळं एकाच वेळी थरथरतात. दोघं आपापल्या खुणा करतात. मग तिसरा माणूस दोन्ही कागद शेजारी ठेवून ताळा करतो. सगळं जुळलं तर पास.

पहिल्या खेपेला मी नापास झाले. खिडकीपाशी एक मुलगी होती, मी लिहिलं, ऐकते आहे. सरांनी लिहिलं होतं, वर्गात लक्ष नाही.

"डोळे मिटलेले होते तिचे," सर म्हणाले.

"पण मान हलत होती."

"डुलत होती. झोपेत."

"कशावरून झोपेत? डोळे मिटूनही ऐकतात माणसं. माझी आई कीर्तन असंच ऐकते."

"झोपली होती हे मला माहीत नाही. ऐकत होती हे तुला माहीत नाही. डोळे मिटलेले, वही बंद, एवढं दोघांना दिसलं. मग ऐकते आहे हे लिहिलंस कसं?"

मला इतका राग आला होता, की मी त्या दिवशी घरी जाऊन भांडी आपटत घासली. राग यायचं कारण एकच, ते बरोबर होते. दुसरी खेप शेवटची. शबानाने गालातल्या गालात हसत सल्ला दिला, "बस, सोच मत. तू सोचती बहुत है."

दुसरी परीक्षा ठरली ती शाळा शहराच्या कडेला होती, नाव सांगत नाही. पाचवीचा वर्ग. मास्तर पन्नाशीचे, हडकुळे, वरून कुणी आलं म्हटलं की घाबरणारे. आम्ही त्यांना सांगितलं, तुमची तपासणी नाही, नाव कुठेही जाणार नाही, आम्ही फक्त वेळ बघतो. त्यांनी हात जोडून "जी, जी" म्हटलं आणि त्यातल्या एका शब्दावरही विश्वास ठेवला नाही. अपूर्णांक शिकवायला सुरुवात केली. फळ्यावर पोळी काढली, तिचे चार तुकडे केले. सर डाव्या कोपऱ्यात कपाट, मी उजव्या कोपऱ्यात कपाट. शबाना बाहेर मुख्याध्यापिकेपाशी.

सुरुवात झकास झाली. थरथर, मान, खूण. थरथर, मान, खूण. माझ्या मनात आलं, होतंय की.

आणि मग मला फळ्याच्या वरचं घड्याळ दिसलं.

शाळांमध्ये घड्याळं बंद असतात, त्याला सर सरावले होते. बंद घड्याळाचं ते तास संपल्यावर बघायचे, मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन, खुर्ची मागून. पण हे बंद नव्हतं. सेल संपत आलेला. सेकंदाचा काटा एकाच जागी फडफडत होता. पुढे जायला बघायचा, परत मागे यायचा. टक, टक, टक, तिथल्या तिथे. शेवटच्या बाकावरच्या माणसाचं तोंड कायम फळ्याकडे असतं, म्हणजे सरांना त्यातून सुटका नव्हती. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. त्यांचा चेहरा दाढ दुखणाऱ्या माणसासारखा झाला होता.

मास्तरांनीही तो चेहरा बघितला. साहेब आपल्या डोक्याच्या वर बघून कळवळतायत. त्यांनी वळून फळा पाहिला. पोळी ठीक होती. चौथा तुकडा जरा मोठा आला होता, तो त्यांनी घाईघाईने पुसून परत काढला. परत मागे बघितलं. साहेब अजून कळवळतायत. मास्तरांचा आवाज बारीक व्हायला लागला. "एक चौथाई..." म्हणाले आणि थांबले.

"सर, कुछ गलती हुई क्या?"

कपाट बोललं नाही. कपाटाने मान खाली घातली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. मी देवाची शपथ घेऊन सांगते, त्या माणसाने शिकस्त केली. पण आता सगळा वर्ग मागे वळून बघायला लागला होता, आणि पहिल्या बाकावरच्या एका चुणचुणीत मुलीने सरांच्या नजरेचा माग काढत वर पाहिलं आणि जाहीर केलं, "सर, ये दादाजी घड़ी देख रहे हैं. घड़ी अटकी है."

"हओ, अटकी है," चारपाच जणांनी साथ दिली.

मास्तर बिचारे हातातला खडू टाकून घड्याळाखाली गेले, टाचा उंचावल्या, हात पोचेना. आणि तेव्हा कपाट उठलं.

"सेल गया है उसका," सर म्हणाले. सांगते, इतक्या मायेने म्हणाले, की कुणी वारल्याची बातमी द्यावी. तरातरा पुढे गेले. चपला काढल्या. मास्तरांच्या खुर्चीवर चढले. मास्तरांनी खुर्ची धरली. घड्याळ उतरलं, पेचकस निघाला, खिशातून सेल निघाला. सगळा वर्ग बाकांवर उभा. एक पोरगा सरांच्या चपला सरळ करून ठेवतो आहे. कुणी तरी म्हणालं, "दादाजी, दूसरी क्लास की भी अटकी है."

आणि नेमकं तेव्हा मनगटावर थरथरलं.

नियम म्हणजे नियम, थरथरलं की बघायचं आणि लिहायचं. मी बघितलं. शिक्षक: खुर्ची धरून उभे. मुलं: एकूण एक वर बघतायत. आता लिहायचं काय?

आमच्या कागदावर "वर्गाची आवराआवर" असा एक ढगळ रकाना होता. खडू वाटणं, फळा पुसणं, बाकं सरकवणं, सगळं त्यात जायचं. घड्याळ दुरुस्त करणंही त्यात सहज मावलं असतं. आणि माझी खात्री होती, सर तेच लिहिणार. माणूस कितीही सरळ असला तरी स्वतःच्या पायावर धोंडा कोण पाडून घेतो? त्यांनी ते लिहिलं, मीही तेच लिहिलं, तर ताळा जमणार, मी पास, खोली माझी, भोपाळ माझं. आणि खरं लिहिलं, की शिक्षक शिकवत नाहीत, मुलं शिकत नाहीत, कारण निरीक्षक, तर ताळा चुकणार. मग नागपूर, कोचिंग क्लास आणि तो चांगला मुलगा.

मी पेन धरून बसले. आणि मोठेपणा वगैरे काही नव्हता हो माझ्यात. मला आठवली ती मान डुलवणारी मुलगी. एका झोपाळू पोरीवरून ह्या माणसाने मला नापास केलं, दिसलं ते लिहा, वाटलं ते घरी न्या म्हणून माझा जीव खाल्ला, आणि आता स्वतः खुर्चीवर चढून पेचकस फिरवतोय! मला असा काही संताप आला, की पेन कागदात रुतलं. म्हटलं, लिहितेच आता, जे दिसतंय ते. भोगा. कारणाच्या रकान्यात मी ठळक लिहिलं: निरीक्षक सर घड़ी सुधार रहे थे.

वर बघितलं तेव्हा सर खुर्चीवर उभ्यानेच खिशातला घडी घातलेला कागद काढून काहीतरी लिहीत होते. घड्याळ त्यांनी मास्तरांच्या हातात दिलं होतं. मग कागद परत खिशात गेला, घड्याळ भिंतीवर गेलं, काटा चालायला लागला आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. सर चपला घालून मागे आले, बाकात बसले आणि परत कपाट झाले. मास्तरांनी पोळी पुन्हा पहिल्यापासून काढली.

तास संपल्यावर शाळेसमोरच्या टपरीवर आम्ही तिघं चहाला बसलो. भोपाळी चहा, मिठाची कणी टाकलेला. मला तो एरवी आवडतो. त्या दिवशी गिळवेना. शबानाने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि वरून खाली बोट फिरवत निघाली. "हओ. हओ. ये भी हओ." मग बोट थांबलं.

"पढ़ो," सर म्हणाले.

"सर, ये लड़की ने..."

"पढ़ो ना."

"शिक्षक पढ़ा नहीं रहे. बच्चे, कोई नहीं पढ़ रहा. कारण..." शबानाने माझ्याकडे असं बघितलं, की बाई, वेडी झालीस का. "कारण, निरीक्षक सर घड़ी सुधार रहे थे."

मी ग्लासात बघत राहिले.

"और मेरा?"

शबानाने त्यांचा कागद जवळ ओढला. एकदा मनातल्या मनात वाचला, मग सरांकडे बघितलं.

"शिक्षक पढ़ा नहीं रहे," ती वाचायला लागली. "बच्चे, कोई नहीं पढ़ रहा. कारण, मैं."

"आगे का मिल रहा है?"

"सब मिल रहा है, सर."

"ताळा जमला," सर माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले. "पास. उद्यापासून एकटी जायचं." आणि डाव्या मनगटावरचं ते थरथरणारं घड्याळ सोडवून त्यांनी शबानापुढे ठेवलं. "ये जमा कर लो. इस सीज़न मैं क्लास में नहीं."

शबाना चिडली. एवढ्याशा गोष्टीसाठी? कुणी बघितलं? संस्थेच्या मॅडमना सांगायचीच गरज नाही, आणि कळलं तरी मॅडम हसतील. सर ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, "नियम किसने बनाया?"

"आपने."

"तो फिर?"

मला रडू फुटलं. पास झाल्याचं होतं, सुटल्याचं होतं, आणि त्या रिकाम्या मनगटाचं होतं. "काका, मी रागाने लिहिलं हो ते," मी म्हटलं.

"राग तुझा आहे, तो तू ठेव. लिहिलंस ते दिसलं होतं ना?"

"हो."

"मग झालं तर. चहा पी. गार झाला की ह्यातलं मीठ लागतं."

संध्याकाळी काकूंचा फोन आला. "तूच लिहिलंस म्हणे ते?" मी म्हटलं, हो काकू. "बरं केलंस. आता उद्यापासून पोळ्या लाटायला पण तूच ये," म्हणून त्यांनी फोन ठेवला. मग लगेच परत केला आणि पास झाल्याबद्दल अभिनंदन केलं.

मॅडमनी खरंच फोनवर हसून "छोड़िए ना सर" म्हटलं. त्यांनी सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून, नेहमीच्या वेळी, डबा घेऊन ऑफिसात आले आणि तपासणीच्या टेबलावर बसले. शाळेचं नावसुद्धा काढलं नाही. शबाना म्हणाली, सकाळभर नुसते खिडकीतून बाहेर बघत होते, शेजारच्या शाळेची पोरं मधल्या सुट्टीत ओरडतात ते ऐकत.

मी माझ्या पहिल्या एकटीच्या शाळेतून परत आले तेव्हा ऊन उतरलं होतं. बाकी सगळे गेले होते. सर माझ्यासाठी थांबले असावेत. त्यांनी माझा कागद घेतला, वरपासून खालपर्यंत तपासला, एका ठिकाणी खूण ठसठशीत कर म्हणाले, बाकी ठीक. मी पर्स उचलली. कागद मात्र त्यांनी हातातच ठेवला होता.

"बाई काय शिकवत होत्या?" त्यांनी विचारलं.

मला आधी कळेना. इतक्या दिवसांत त्यांनी कुणालाही हे विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. आमच्या कागदावर तो रकानाच नाही. शिकवतायत की नाही एवढंच असतं.

"भागाकार," मी म्हटलं.

"कुठला?"

मी परत बसले. सांगायला लागले. चौथीचा वर्ग, बाई तरुण, गळ्याला मफलर, घसा बसलेला. उत्तरात मधे शून्य येतं ना, तो भागाकार. एका मुलीला फळ्यापाशी बोलावलं. छोटी, दोन वेण्या, एक सुटलेली. पहिला भाग तिने बरोबर दिला, वजाबाकी केली, पुढचा आकडा खाली उतरवला, आणि अडली. भाग जात नव्हता. मागून पोरं कुजबुजायला लागली, बाईंनी त्यांना गप्प केलं आणि स्वतःही गप्प राहिल्या, तिला वेळ दिला. मुलीने बाहीने काहीतरी पुसलं. खडू तोंडाशी नेला. परत फळ्याशी नेला.

सर खुर्चीत पुढे सरकून बसले होते. ओठ किंचित हलत होते, जणू तो भागाकार तेच सोडवत होते.

"मग?"

"मग थरथरलं, सर."

"हां, पण शून्य दिलं का तिने?"

थरथरल्यावर मी आधी बाईंकडे बघितलं, मग नियमाप्रमाणे मान वळवली आणि बाकं बघत गेले, एकेक मूल, कोण बघतंय, कोण नाही. खुणा करून परत फळ्याकडे बघितलं तेव्हा फळा पुसलेला होता आणि ती मुलगी जागेवर जाऊन बसली होती.

"बघितलं नाही मी," मी म्हटलं. "मी पोरं मोजत होते."

"बरोबर केलंस," सर म्हणाले. "नियमच आहे तसा."

त्यांनी कागद फाइलीत लावला, फाइल बंद केली, कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप घातलं. मग किल्ली हातात घेऊन तिथेच उभे राहिले.

"उद्या कुठली शाळा आहे तुझी?"

"बैरागढकडची."

"मग जरा वाट वाकडी कर," ते म्हणाले. "आणि त्या मुलीला विचारून ये, शून्य दिलं होतं का तिने."